ज्याचा त्याचा डबा पहिला

या सगळ्या व्यवहारात धाकट्या सुनेला मिळायचं होतं ते एवढंच: जिन्याच्या टोकाची खोली. खोली म्हणजे काही महाल नव्हता. आत दुकानातली जुनी काचेची कपाटं, पाय मोडलेल्या खुर्च्या आणि डोळे तपासायचे पिवळे पडलेले तक्ते एकमेकांना टेकून उभे होते. पण खोलीला दार होतं, दाराला आतून कडी होती, आणि खिडकी मागच्या गल्लीकडे उघडत होती, म्हणजे रस्त्यावरून कुणी हाक मारली तरी ऐकू आलं नाही म्हणायची सोय होती. कडीची किंमत कळायला माणसाला एकत्र कुटुंबात राहून घरातूनच काम करावं लागतं. धाकटी लोकांसाठी वेबसाइटची पानं बनवायची, आणि गेली दोन वर्षं ती घरभर लॅपटॉप काखेत घेऊन हिंडत होती, मांजर पिलं हलवते तशी. खाली काउंटरच्या कोपऱ्यावर बसावं, तर मोठी जाऊ म्हणायची, "जरा सरक गं, गिऱ्हाईक आलंय." बाकावर बसावं, तर डोळ्यांत थेंब घालून वाट बघत बसलेली माणसं तिच्याच स्क्रीनवर नजर पारखून बघायची. स्वयंपाकघरात वाफ, जिन्यात प्रत्येकाचा पाय. एका जागी तिचं बूड टेकलंय असं कुणी पाहिलं नव्हतं, आणि घरातले वर म्हणायचे, हिला मेलीला स्वस्थ बसवतच नाही.

दुकान चष्म्यांचं. खाली दुकान, वर घर. थोरला भाऊ पुढच्या खोलीत डोळे तपासायचा. डॉक्टर नसला तरी पांढरा कोट घालायचा, म्हणून घरात त्याला मागून 'डॉक्टर' म्हणत, आणि पुढून कुणी म्हटलं तरी तो नाही म्हणत नसे. त्याची बायको काउंटर आणि फ्रेम सांभाळायची. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम चढवून दोन पावलं मागे होत "अगदी तुमच्यासाठीच केलीय" असं ती दिवसभर, वेगवेगळ्या नाकांना, सारख्याच जिव्हाळ्याने सांगे. धाकटा, म्हणजे धाकटीचा नवरा, मागच्या अरुंद खोलीत यंत्रावर काचा घासून फ्रेमच्या मापाला बसवायचा. आणि या सगळ्यांवर सासरे. ते आता काही करत नसत, पण त्यांनी मान हलवल्याशिवाय दुकानात खिळासुद्धा ठोकला जात नसे.

दुकानाचं पान करायची कल्पना सासऱ्यांचीच. समोरच्या रस्त्यावर एका मोठ्या साखळीचं चकचकीत दुकान उघडलं, तेव्हा त्यांना वाटलं आपलंही काहीतरी दिसायला हवं. त्यांनी धाकटीला बोलावलं. तिनेही मोका साधून खोलीचं नाव काढलं. सासऱ्यांनी थोडा वेळ छताकडे पाहिलं, जणू खोली तिथे आहे की नाही ते बघतायत.

"पान असं कर की मी, थोरला आणि थोरली, तिघांनी मान डोलावली पाहिजे. तिघांची मान डोलली की किल्ली तुझी."

या तिघांत तिचा नवरा नव्हता. त्या वेळी ते ना सासऱ्यांच्या लक्षात आलं, ना तिच्या. नवऱ्याच्या लक्षात आलं असलं तरी तो बोलणाऱ्यातला नव्हता. यंत्रातलं पाणी बदलायचं होतं, ते त्याने बदललं.

धाकटीला वाटलं, एका आठवड्याचं काम. पान म्हणजे तरी काय? तिने सासऱ्यांना समजावून सांगितलं की पानावरचं सगळं डब्यांत घालायचं असतं. एक मोठा बाहेरचा डबा, त्यात लहान डबे, त्यात आणखी लहान. डबा स्वतः दिसत नाही. त्याला रंग दिला, कड दिली, की मग दिसतो. पण तो नसेल तर चार गोष्टी एकीत एक मिसळून पसरतात. सासऱ्यांना ते पटकन कळलं. त्यांच्या दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाचा चष्मा एका छोट्या ट्रेमध्ये फिरतो, तपासणीची चिठ्ठी, फ्रेम आणि काचा एकत्र, हाताहातांतून. "म्हणजे ट्रेच की," ते म्हणाले. ती म्हणाली, ट्रेच. फक्त इथे बाहेरच्या ट्रेला जे अक्षर दिलं ते आतल्या सगळ्यांना आपोआप लागतं, कुणी मुद्दाम वेगळं सांगेपर्यंत. सासऱ्यांना ही गोष्ट विशेष आवडली. घरातसुद्धा तशीच पद्धत आहे असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

ट्रे समजणं सोपं होतं. कुणाचा ट्रे वर, हे ठरवताना मात्र तिला घाम फुटला.

थोरल्याचं म्हणणं सरळ होतं. आधी तपासणी, मग बाकीचं. डोळेच तपासले नाहीत तर फ्रेम काय कपाळावर लावायची? म्हणून त्याचा डबा वर, पूर्ण रुंदीचा, निळ्या पार्श्वभूमीचा, आणि त्यात त्याचा कोटातला फोटो. हे सगळं तो तिला तपासणीच्या खुर्चीत बसवून, भिंग डोळ्यासमोर धरून सांगत होता, त्यामुळे तिला हो म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

थोरली म्हणाली, ते असं म्हणत असतील तर म्हणू दे. पण लोक दुकानात येतात ते आरशासमोर उभं राहायला. तपासणीचं काय, ती कुठेही होते. फ्रेम वर हव्यात, मोठ्या फोटोंसकट, आणि डब्यांच्या मध्ये चांगलं अंतर हवं, नाहीतर सगळं कसं अंगावर आल्यासारखं वाटतं. "माझ्या फ्रेम नि त्यांचा कोट एकमेकांना चिकटलेला मला नकोय. दिवसभर चिकटलेलेच असतो," असं ती म्हणाली आणि स्वतःच हसली. धाकटीने डब्याबाहेरचं अंतर वाढवलं. डब्याच्या आत मोकळी जागा ठेवता येते, आणि बाहेर दुसऱ्यापासून अंतरही ठेवता येतं. या घराला दुसऱ्या गोष्टीची जास्त गरज आहे हे तिला आधीपासून माहीत होतं, पण ते टाइप करताना तिला जरा बरं वाटलं.

सासऱ्यांना काहीच नको होतं. त्यांना फक्त दुकान कसं सुरू झालं ते चार ओळींत हवं होतं. चार ओळी त्यांनी लिहून दिल्या तेव्हा त्या पाठपोट भरल्या होत्या, आणि त्यांची अपेक्षा होती की माणसाने दुकानात पाऊल टाकायच्या आधी त्या वाचाव्यात.

नवऱ्याला तिने विचारलं. म्हणजे जेवताना, मीठ मागावं तसं विचारलं, की तुझ्या कामाचं काय लिहू? तो म्हणाला, लिही की, काचा इथेच बसवून मिळतात. तिने लिहिलं. ओळ लहान होती म्हणून डबाही लहान झाला, आणि लहान डबा तळाशी बरा दिसतो म्हणून तो तळाशी गेला. त्यावर कुणी कुरकुर केली नाही. सगळ्यांत स्वस्त माणूस तोच, ज्याची नाराजी आपल्याला महाग पडत नाही, आणि नवरा तर काय, आपलाच.

पुढचे काही दिवस धाकटीचे पाय जमिनीला लागले नाहीत. थोरल्याचा डबा वर घेतला की थोरलीच्या हातातली फ्रेम काउंटरवर जरा जोरात आपटायची. थोरलीचा वर घेतला की पुढच्या खोलीतून "हे बरं दिसतं की मघाशी बरं होतं?" हा रोजचा प्रश्न थोरला गिऱ्हाइकाला इतक्या कडवट आवाजात विचारायचा की गिऱ्हाईक घाबरून मघाचंच बरं म्हणायचं. दोघांना शेजारी शेजारी बसवलं तर डावं कोण, यावरून पुन्हा तेच. ती लॅपटॉप उचलून जिन्यात जायची, जिन्यातून गच्चीवर, गच्चीवरून परत खाली. बंद खोलीच्या दाराशी क्षणभर थांबायची आणि कुलपाला हात लावून पुढे जायची.

उपाय तिला सुचला तो काउंटरवर उभी असताना, तिघांकडे एकाच वेळी बघताना. थोरला नेहमी पान बघायचा ते टेबलावरच्या मोठ्या मॉनिटरवर. थोरली फोनवर. सासरे टॅबवर, पाण्याच्या जगला टेकवून. तिघे तीन रुंदीच्या स्क्रीनवर बघतात, आणि तिघांपैकी एकही दुसऱ्याच्या स्क्रीनवर बघणार नाही, कारण ती कमीपणाची गोष्ट. आणि डब्यांचं असं असतं की स्क्रीन किती रुंद आहे ते बघून कोणता डबा आधी यायचा हे ठरवता येतं. आतला मजकूर तोच, रंग तेच, फक्त क्रम बदलतो. हे काही चोरी नव्हे. सगळेच करतात. फक्त इतर लोक ते वाचणाऱ्याच्या सोयीसाठी करतात.

तिने ते केलं. मोठ्या स्क्रीनवर तपासणी पहिली. फोनवर फ्रेम पहिल्या. टॅबवर सासऱ्यांच्या चार ओळी पहिल्या. थोरल्याने मॉनिटरसमोर कोटाची कॉलर नीट केली आणि म्हणाला, आता कसं. थोरली फोन नाकाशी नेऊन म्हणाली, आलीस की गं शेवटी ताळ्यावर. सासरे टॅबवर बोट फिरवत स्वतःच्याच ओळी पुन्हा वाचत बसले आणि मान डोलवायची तेवढी डोलवली. प्रत्येकाने दुसऱ्याकडे एक दयेचा कटाक्ष टाकला, हरलेल्या माणसाकडे टाकतात तसा. किल्ली तिच्या हातात आली.

कपाटं तिने एका बाजूला ढकलली, टेबल खिडकीपाशी लावलं, आणि कडी लावली. लावली, काढली, पुन्हा लावली. त्या दिवशी काम काही झालं नाही, पण कडीचं तेलपाणी झालं.

नवऱ्याला ते दिसलं ते दुसऱ्याच आठवड्यात. तो ट्रे न्यायला पुढे आला होता. मॉनिटरवर पान उघडं होतं, आणि त्याच्या बाजूलाच थोरली एका बाईला फोनवर तेच पान दाखवत होती. त्याने मॉनिटरकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, आणि मग जिन्यात उभ्या असलेल्या बायकोकडे. तिला वाटलं, आता हसेल. तो ट्रे घेऊन मागे गेला. त्यानंतर तिचं मन खोलीत लागेना. कडी लावून बसली की वाटायचं खाली कुणीतरी काहीतरी बोलतंय, आणि खाली गेलं की सगळे आपापल्या कामात.

पान चाललं. लोक पान बघून यायला लागले, तपासणीची वेळ ठरवायला लागले, फोटोतलीच फ्रेम मागायला लागले. आणि मग एक दिवस थोरला वर आला. दारावर टकटक करून आला, हेच विशेष. त्याने ऐकलं होतं की पानावर लोक कशाला बोट लावतात त्याची मोजदाद निघते. निघते का? धाकटी म्हणाली, निघते. मग काढ की, कुठल्या डब्याला किती.

तिने काढली. काढताना तिला माहीत होतं काय निघणार ते. तपासणीला भरपूर, फ्रेमला त्याहून जास्त, सासऱ्यांच्या ओळींना सासऱ्यांचीच बहुतेक सगळी, आणि काचा घासण्याच्या डब्याला जवळजवळ काही नाही. आकडे खरे होते. फक्त तळाशी ठेवलेल्या डब्यापर्यंत कुणाचं बोट पोचत नाही, हे त्या आकड्यांत कुठे लिहिलेलं नव्हतं, आणि तिनेही ते सांगितलं नाही. म्हणाली, हे घ्या. थोरल्याने कागद घडी करून कोटाच्या खिशात ठेवला.

थोरल्याला काय हवं होतं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला मागची खोली हवी होती, तपासणीच्या दुसऱ्या खुर्चीसाठी. काचा बाहेरच्या कारखान्यातून घासूनच मागवाव्यात असं तो कितीतरी दिवस म्हणत होता आणि सासरे तितकेच दिवस ऐकू न आल्यासारखं करत होते. आता त्याच्याकडे कागद होता.

रविवारी दुकान बंद असताना सासऱ्यांनी सगळ्यांना जेवणाच्या टेबलाशी बसवलं. थोरल्याने कागद उलगडला आणि शांतपणे, डोळ्यांचा नंबर वाढलाय असं सांगावं तसं सांगितलं, की काचा कुठे घासतात त्याच्याशी लोकांना काही देणंघेणं नाही. हे त्याचं मत नाही, लोकांचं आहे. धाकट्याबद्दल त्याच्या मनात काही नाही, धाकट्याचा हात त्याला माहीत आहे. पण जागा जिथे कमावते तिथेच वापरायला हवी. सासरे कागद लांब धरून वाचत राहिले. थोरलीने मीठदाणी सरळ केली.

धाकटा बराच वेळ आपल्या तळहाताकडे बघत होता. त्याच्या हाताला काचेच्या पाण्याचा पांढरा थर बसलेला असायचा, तो कितीही धुतला तरी रेषांत राहायचा. मग तो भावाकडे नाही, बायकोकडे वळला.

"मला एवढंच सांग. माझा डबा कुठल्या स्क्रीनवर पहिला येतो?"

तिला कळलं की तो उत्तर विचारत नाहीये. उत्तर त्याच्याकडे होतं. तो तिला बोलायची जागा करून देत होता. बोललं तर खोली गेली. नाही बोललं तर खोली राहिली, आणि मग रात्री ज्याच्या शेजारी झोपायचं तो माणूस तरी किती राहिला असता, हा वेगळा प्रश्न.

"कुठल्याच नाही," ती म्हणाली.

मग ती थांबली नाही. मॉनिटर उचलून आणायला तिने थोरल्यालाच लावलं, थोरलीचा फोन तिच्या हातातून काढून घेतला, पाण्याच्या जगला टेकलेला टॅब उचलला, आणि तिन्ही टेबलावर एका रांगेत मांडले. हे बघा दादा, तुमच्यावर तुम्ही पहिले. हे ताईंचं, इथे ताई. हे बाबांचं. आणि ह्याचा डबा तिन्हींच्या तळाशी. लोकांनी बोट लावलं नाही कारण मी तिथे बोट पोचू दिलं नाही. तिघांच्या माना डोलाव्यात म्हणून केलं. तिचा आवाज चढला होता आणि तो खाली कसा आणायचा ते तिला सुचत नव्हतं. तिने किल्ली काढून सासऱ्यांसमोर ठेवली.

तिला वाटलं होतं की आता घर डोक्यावर घेतील. पण थोरलीला हसू फुटलं.

"अगं बाई, मला माहितीये. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या मॉनिटरवर बघितलं मी. म्हटलं, राहू दे बापडे खूश."

थोरल्याने बायकोकडे पाहिलं. त्यालाही माहीत होतं. एकदा बाजूला दुसरं काही उघडायचं म्हणून त्याने खिडकी माऊसने अरुंद केली, तर त्याचा कोट घसरत घसरत फ्रेमच्या खाली गेला. रुंद केली, वर आला. त्याने कितीतरी वेळ ती मागेपुढे केली होती, हे बरं की मघाचं बरं, आणि शेवटी रुंद करून ठेवली आणि कुणाला बोलला नाही. सासरे म्हणाले, मी टॅब आडवा धरतो तेव्हा वेगळं दिसतं, उभा धरतो तेव्हा वेगळं. म्हणून आडवाच धरतो.

त्यांनी एका बोटाने किल्ली परत तिच्याकडे सरकवली.

"ठेव. काम चांगलं केलंयस."

ती म्हणाली, मग निदान महिनाभर त्याचा डबा वर घेऊ. मग मोजू. मग ठरवा.

"घे की," थोरला म्हणाला. "कुणाच्या स्क्रीनवर?"

थोरलीने आपला फोन जवळ ओढला. थोरल्याने मॉनिटरची वायर गुंडाळायला घेतली. सासऱ्यांनी टॅब जगला परत टेकवला, आडवा. कुणी नाही म्हटलं नाही. म्हणायची गरजच पडली नाही.

धाकटा उठला आणि म्हणाला, चालेल, कारखान्यात माणसं हवीच आहेत असं ऐकलंय. यंत्र विकायच्या आधी मला पाइप सोडवू द्या, घाईत तुटतात.

संध्याकाळी धाकटी वर गेली. कडी लावली. पान उघडलं. पासवर्ड तिच्याकडेच होता. विचारायचं कुणाला? डब्यांना क्रमाचा एक एक आकडा दिलेला असतो, तो बदलायला डोळ्याचं पातं लवतं तेवढाच वेळ लागतो. तिने फोनवरच्या क्रमात नवऱ्याचा डबा पहिला केला. स्वतःच्या फोनवर बघितला. काचा इथेच बसवून मिळतात. एका ओळीचा, बिनरंगाचा, सगळ्यांच्या वर. उठून ती खिडकीपाशी गेली, परत आली. सकाळी थोरली फोन उघडेल. मग सासऱ्यांकडे जाईल. मग किल्ली पुन्हा टेबलावर ठेवावी लागेल, आणि या वेळी ती सरकून परत येईलच असं नाही. सगळ्यांसमोर, आवाज चढलेला असताना देणं तिला जमलं होतं. एकदा देऊन परत मिळालेली वस्तू मात्र आधीपेक्षा जास्त आपली वाटते, आणि ती दुसऱ्यांदा द्यायला मागे आवाज चढलेला नसतो, कुणी बघतही नसतं. ती दाराशी गेली, कडीला हात लावला, परत टेबलाशी आली. मग तिने आकडा होता तसा केला.

दारावर नवऱ्याची टकटक झाली. तिने कडी काढली. तो आत आला नाही, चौकटीतच उभा राहिला. म्हणाला, जेवायला बोलावतायत. मग तिच्या मागे उघड्या पानाकडे बघून म्हणाला, "राहू दे ते." तिने विचारलं, काय राहू दे? तो म्हणाला, जे करत होतीस ते. तिने केलं की नाही केलं हे त्याने विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

तर हिशोब असा झाला. थोरल्याला दुसरी खुर्ची मिळाली आणि ती भरलेलीही असते. थोरलीच्या फ्रेम फोनवर अजून पहिल्या आहेत. सासऱ्यांच्या चार ओळींत कुणी एक शब्द बदललेला नाही. धाकटीला खोली मिळाली, कडीसकट, आणि ती तिथे फार तर तासभर बसते, मग लॅपटॉप काखेत घेऊन खाली येते, आणि कुणी विचारलं तर वर उकडतं म्हणून सांगते. किंमत सगळी एकट्याने भरली. ज्याची मान डोलायला हवी असं कुणाला वाटलंच नव्हतं, तो रोज सकाळी शहराच्या दुसऱ्या टोकाला जातो आणि अनोळखी माणसांच्या रांगेत उभा राहून याच दुकानाच्या काचा घासतो. तिने आपला वाटा भरायला एकदाच हात पुढे केला होता. कुणी घेतला नाही, आणि दुसऱ्यांदा तिने केला नाही.